निजामाचं सैन्य पाच दिवसांत का कोसळलं? नळदुर्गचा पूल, बिदरची धावपट्टी आणि एका राज्याचा लष्करी हिशेब

सोलापूरहून हैदराबादला जाणाऱ्या हायवेवर आज गाडी चांगली असली तर पाच-सहा तासांत माणूस पोहोचतो. नळदुर्ग, जळकोट, उमरगा, मग कर्नाटकची हद्द, राजेश्वर, हुमनाबाद आणि पुढे तेलंगणातलं जहीराबाद. एकाच रस्त्यावर तीन राज्यं. १९४८ साली मात्र नळदुर्गच्या अलीकडूनच एकच राज्य सुरू व्हायचं. जुनी मंडळी त्याला ‘मोगलाई’ म्हणत. साधारण ३०० किलोमीटरचा हा रस्ता राखणं, हे निजामाच्या सैन्यापुढचं त्या वर्षीचं सगळ्यात मोठं काम होतं. ते जमलं नाही. १३ सप्टेंबरला पहाटे भारतीय फौज आत आली आणि १७ तारखेला संध्याकाळी पाचला युद्धबंदी झाली.

‘पोलीस ॲक्शन’ या नावाने ही गोष्ट आपल्या भागात घरोघरी सांगितली जाते. रझाकारांचा जुलूम आणि सरदार पटेलांचा निर्णय सगळ्यांना ठाऊक आहे. पण खुद्द निजामाचं लष्कर कसं होतं, त्याला बंदुका कुठून यायच्या, खर्च कोण करायचं आणि जगातल्या श्रीमंतांत गणल्या जाणाऱ्या राजाची फौज इतकी कच्ची का राहिली, याबद्दल फारसं बोललं जात नाही. त्याचं उत्तर शोधायला दीडशे वर्षं मागे जावं लागतं.

भाड्याची फौज

१७९५ साली खर्ड्याच्या लढाईत निजाम मराठ्यांकडून हरला. त्यानंतर त्याने फ्रेंच सेनानी रेमंडच्या पलटणींवर भर दिला. रेमंडने युरोपीय पद्धतीची कवायत शिकवलेली सुमारे १४ हजारांची फौज उभी केली होती. हैदराबादेत तोफा ओतण्याचा कारखानाही चालवला. आबिड्सजवळचा ‘तोप का साँचा’ हा भाग त्याचीच खूण. लोक रेमंडला मूसा राम किंवा मूसा रहीम म्हणत आणि मूसारामबाग हे नाव त्याच्यावरूनच पडलं. म्हणजे स्वतःची शिस्तीची फौज आणि स्वतःच्या तोफा, दोन्ही त्या काळी हैदराबादकडे होतं.

इंग्रजांना हे खुपणारच होतं. सप्टेंबर १७९८मध्ये तैनाती फौजेचा करार झाला, रेमंड त्याआधीच वारला होता, आणि ऑक्टोबरमध्ये फ्रेंच पलटणी गोळी न झाडता निःशस्त्र केल्या गेल्या. त्यांच्या जागी कंपनीच्या पलटणी आल्या. खर्च वर्षाला सुमारे २४ लाख रुपये आणि तो निजामाने द्यायचा. १८००मध्ये फौज वाढवली, तेव्हा रोकड देण्याऐवजी निजामाने मुलूखच तोडून दिला. बळ्ळारी, अनंतपूर, कडप्पा हा भाग तेव्हा इंग्रजांकडे गेला.

गोष्ट इथे संपली असती तर बरं होतं. १८००च्या करारात आणखी एक कलम होतं: युद्ध झालं तर निजामाने ६ हजार पायदळ आणि ९ हजार घोडेस्वार द्यायचे. निजामाचे घोडेस्वार कामाचे नाहीत, अशी तक्रार इंग्रज रेसिडेंट करू लागले. मग हेन्री रसेल या रेसिडेंटच्या काळात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली एक वेगळी फौज उभी राहिली. पुढे तीच ‘हैदराबाद कंटिंजंट’ झाली. पगार निजामाच्या तिजोरीतून आणि हुकूम इंग्रजांचा. अधिकाऱ्यांचे पगार आणि भत्ते भरमसाट. वसुली मात्र आपल्याच शेतकऱ्याकडून.

दिवाण चंदुलालने हा पगार भागवायला विल्यम पामर आणि कंपनीकडून कर्ज काढलं. १८२०चं ६० लाखांचं कर्ज तर त्या काळी गाजलंच. व्याजाचा दर सावकारालाही लाजवेल असा होता. पामरचं देणं फेडायला उत्तर सरकार जिल्ह्यांबद्दल इंग्रजांकडून वर्षाला मिळणारा पेशकश निजामाने कायमचा सोडून दिला. तरीही कंटिंजंटचा खर्च चालूच. शतकाच्या मध्यापर्यंत तो वर्षाला ४० लाखांच्या घरात गेला आणि थकबाकी अर्ध्या कोटीपर्यंत साचली.

मे १८५३मध्ये डलहौसीने हिशेब मागितला. त्या करारात वऱ्हाड, रायचूर दोआब आणि धाराशिव-नळदुर्गचा भाग इंग्रजांच्या ताब्यात गेला. त्या बदल्यात कंटिंजंटमध्ये किमान ५ हजार पायदळ, २ हजार घोडदळ आणि तोफखान्याच्या चार बॅटऱ्या ठेवायच्या असं ठरलं. नळदुर्गला कारभार पाहायला आला तो मेडोज टेलर. तो मूळचा निजामाच्याच फौजेतला अधिकारी आणि ठगांवरच्या कादंबरीचा लेखक. सुरपूरच्या गादीचा कारभारही त्याने पाहिला होता. १८५७-५८च्या उठावात सुरपूरच्या राजा वेंकटप्पा नायकाचं राज्य इंग्रजांनी घेतलं आणि निजाम इंग्रजांशी इमानी राहिला म्हणून १८६०मध्ये ते त्याला बक्षीस दिलं. त्याच वेळी धाराशिव-नळदुर्ग आणि रायचूर दोआब परत मिळाले आणि ५० लाखांचं देणंही माफ झालं. वऱ्हाड मात्र परत आलं नाही. १९०२मध्ये कर्झनने ते वर्षाला २५ लाखांच्या बदल्यात कायमच्या पट्ट्यावर घेतलं.

थोडक्यात, फौजेच्या पगारापायी एका राज्याचा कापूस पिकवणारा सगळ्यात सुपीक मुलूख गेला. आणि फौज? १९०३मध्ये कंटिंजंट इंग्रजांच्या भारतीय लष्करात विलीन झाली. तिच्या पायदळातून पुढे १९वी हैदराबाद रेजिमेंट बनली आणि ऑक्टोबर १९४५मध्ये तिचं नाव बदलून कुमाऊँ रेजिमेंट झालं. नोव्हेंबर १९४७मध्ये बडगामला पहिलं परमवीर चक्र मिळवणारे मेजर सोमनाथ शर्मा याच रेजिमेंटचे. निजामाने शंभर वर्षं पोसलेली पलटण अशी भारताच्या कामी आली.

उरलेलं स्वतःचं सैन्य

कंटिंजंट गेल्यावर निजामाकडे उरलं ते सालारजंगच्या काळापासून नीट लावलेलं स्वतःचं नियमित सैन्य आणि सोबत जुन्या अरब, रोहिल्या, पायगा सरदारांच्या तुकड्या. १८९३मध्ये साम्राज्याच्या कामासाठी लान्सर्सच्या दोन रेजिमेंट्स उभ्या केल्या. पहिल्या महायुद्धात हैदराबाद लान्सर्स जोधपूर आणि म्हैसूरच्या स्वारांबरोबर पॅलेस्टाइनच्या मोहिमेत होते. दिल्लीच्या तीन मूर्ती चौकातले तीन पुतळे या तीन संस्थानांचेच. दुसऱ्या महायुद्धात १ली हैदराबाद इन्फंट्री मलायात कोटा बारूचा विमानतळ राखायला होती. डिसेंबर १९४१मध्ये जपानी उतरले आणि तिथली फळी मोडली.

संस्थानांच्या फौजांचा मोठा दोष तिथेच दिसला होता. १९३९च्या इंडियन स्टेट्स फोर्सेस योजनेत संस्थानी पलटणींची प्रतवारी ठरलेली होती. लढाईवर जाणाऱ्या वेगळ्या, अंतर्गत बंदोबस्ताच्या वेगळ्या. बंदुका, दारूगोळा, सुटे भाग आणि प्रशिक्षण हे सगळं भारत सरकारकडून यायचं. कोणत्याही संस्थानाने स्वतंत्रपणे युद्ध करावं, अशी ही रचनाच नव्हती. साम्राज्याच्या मोठ्या यंत्रातला तो एक छोटा चाक होता. १९४७मध्ये यंत्र दिल्लीच्या हाती गेलं आणि चाक हैदराबादेत राहिलं.

हैदराबाद तसं ‘छोटं’ नव्हतं. क्षेत्रफळ ८२ हजार चौरस मैलांहून जास्त, लोकसंख्या १ कोटी ६० लाखांच्या वर, स्वतःचं टपाल, स्वतःची रेल्वे आणि स्वतःचं हाली चलन. सात हाली म्हणजे सहा कलदार, हे गणित बाजारात पोरासोरांनाही पाठ होतं. पण समुद्र नव्हता. चारी बाजूंनी भारत.

सैन्याचे आकडे वेगवेगळ्या ठिकाणी वेगळे दिसतात. साधारणपणे २२ ते २४ हजार जवान, आणि त्यातले पूर्ण शिकलेले आणि पूर्ण शस्त्रसज्ज सुमारे ६ हजार, असा अंदाज दिला जातो. रचना कागदावर भारदस्त होती: तीन चिलखती रेजिमेंट्स, घोडदळाची एक रेजिमेंट, पायदळाच्या अकरा बटालियन आणि तोफखाना. शिवाय अनियमित घोडदळ, सर्फ-ए-खास, पायगा, अरब आणि निर्वासितांच्या मिळून चार बटालियन. सेनापती मेजर जनरल सय्यद अहमद अल इद्रूस. ‘चिलखती’ हा शब्द ऐकून रणगाडे डोळ्यांसमोर येतात, पण इथे मुख्यतः चिलखती गाड्याच होत्या. हवाई दल नव्हतंच. तोफा आणि आधुनिक बंदुका मोठ्या प्रमाणावर घडवणारा कारखानाही राज्यात नव्हता. रेमंडचा साचा केव्हाच थंड झाला होता.

या सैन्याच्या बाजूला, आणि खरं तर त्याच्या डोक्यावर, रझाकार होते. लातूरचा वकील कासिम रझवी त्यांचा म्होरक्या. संख्या दोन लाख सांगितली जायची. त्यातल्या चौथाईकडे बऱ्या बंदुका, बाकीच्यांकडे ठासणीच्या बंदुका, तलवारी, भाले. इद्रूसचा हुकूम रझाकारांवर चालत नव्हता आणि रझवी कोणाच्याच हुकमात नव्हता. पोलीस वेगळे, पायगांच्या तुकड्या वेगळ्या. लष्करी भाषेत याला एकसंध कमांड नसणं म्हणतात. आपल्याकडच्या भाषेत बारा गावचे बारा पाटील. अपुऱ्या शस्त्रांपेक्षा हा दोष मोठा होता, असंच म्हणावं लागतं.

कारण रझाकारांनी लढाईत काही केलं नाही, पण लढाईआधी गावागावांत जे केलं त्याने भारताला आत यायचं कारण दिलं. बिदर जिल्ह्यात बसवकल्याणच्या बाजूचं गोरटा गाव मे १९४८मध्ये उद्ध्वस्त झालं. दोनशेच्या आसपास माणसं मारली गेल्याचं सांगितलं जातं. त्यांचं स्मारक मार्च २०२३मध्ये उभं राहिलं. त्याच महिन्यात, २२ मे रोजी, गाणगापूर स्टेशनवर मुंबई-मद्रास मार्गावरच्या रेल्वेवर हल्ला झाला आणि प्रकरण थेट दिल्लीत पोहोचलं. ज्या सैन्याला वेळ आणि शांतता हवी होती, त्याच्याच नावाने चाललेल्या टोळ्यांनी ती दोन्ही संपवली.

बिदरच्या धावपट्टीवर उतरणारी विमानं

२९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत आणि हैदराबादमध्ये ‘जैसे थे’ करार झाला. त्यात सिकंदराबादमधली भारतीय फौज काढून घ्यायची आणि जुन्या योजनेप्रमाणे हैदराबादला शस्त्रं द्यायची असं होतं. फौज फेब्रुवारी १९४८पर्यंत गेली. शस्त्रं मात्र आली नाहीत. हैदराबाद म्हणे भारत करार मोडतोय, भारत म्हणे तुम्ही पाकिस्तानला २० कोटींचं कर्ज देऊन आणि भारतीय चलनावर बंदी घालून करार आधीच मोडलाय. दोघांच्याही तक्रारीत तथ्य होतं. पण पुरवठ्याचा नळ ज्याच्या हातात, तोच जिंकतो.

पंतप्रधान मीर लायक अली हे पेशाने इंजिनिअर आणि उद्योगपती. त्यांनी बाहेरून माल आणायचं ठरवलं. इथे सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक येतो. दुसऱ्या महायुद्धाआधी जर्मनीवरून उडून गुपचूप फोटो काढणारा हा माणूस. त्याने लँकास्टर बॉम्बरवरून बनवलेली लँकास्ट्रियन विमानं घेतली आणि १९४८च्या उन्हाळ्यापासून कराचीहून रात्री उड्डाणं सुरू केली. उतरायच्या जागा बिदर आणि वारंगळ. भारताच्या हवाई हद्दीतून, रात्रीच्या अंधारात, बंदुका आणि दारूगोळा घेऊन ही विमानं बिदरला यायची.

हे ऐकायला सिनेमासारखं वाटतं, पण हिशेब केला तर फार उपयोगाचं नव्हतं. एका विमानात काही टन माल मावतो. रायफली, मशीनगन, गोळ्या येतील. रणगाडा येत नाही, जड तोफ येत नाही, त्यांचे सुटे भाग आणि पेट्रोल तर नाहीच नाही. नवी बंदूक हातात आली तरी ती चालवायला शिकवणारा माणूस आणि सरावाला वेळ लागतो. जून ते सप्टेंबर म्हणजे तीन-चार महिने. तेवढ्यात फार तर पहारा बसवता येतो. कॉटनवर नंतर इंग्लंडमध्ये खटला झाला, त्याने गुन्हा कबूल केला आणि दंड झाला २०० पौंड. निजामाकडून मिळालेल्या कमाईपुढे ही रक्कम म्हणजे चहापाणीच.

पैशाचा आणखी एक धागा तर परवापरवापर्यंत कोर्टात होता. सप्टेंबर १९४८मध्ये, लढाई संपत असतानाच, लंडनमधले सुमारे १० लाख ७ हजार पौंड निजामाच्या खात्यातून पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या नावे वळवले गेले. निजामाने नंतर ‘मी परवानगी दिली नव्हती’ असं म्हटलं. रक्कम बँकेत ७० वर्षं अडकून राहिली आणि व्याजाने साडेतीन कोटी पौंडांवर गेली. पाकिस्तानचा एक दावा असा होता की हे पैसे शस्त्रपुरवठ्याच्या मोबदल्यात होते. ऑक्टोबर २०१९मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने तो फेटाळला आणि निकाल भारत आणि निजामाच्या वारसांच्या बाजूने दिला.

म्हणजे तिजोरीत पैसा नव्हता असं नाही. पैसा लंडनला, कर्ज कराचीला आणि फौज उमरग्याला. मध्ये बंदर नाही.

पाच दिवस

भारताची योजना तयार होती. लेफ्टनंट जनरल गोडार्ड यांनी आखलेल्या मूळ योजनेत दोन मुख्य वाटा होत्या: पश्चिमेकडून सोलापूर, पूर्वेकडून विजयवाडा. दक्षिण कमांडचे प्रमुख महाराज राजेंद्रसिंहजी, आणि सोलापूरच्या बाजूने मेजर जनरल जे. एन. चौधरी. कमी सैन्य असलेल्या बाजूकडे अशा वेळी एकच हत्यार असतं: रस्ता तोडणे. पूल उडवा, सुरुंग पेरा, वेळ काढा. पावसाळ्यात नद्या भरलेल्या, काळी माती चिकट. हैदराबादला हे कळत होतं. म्हणून नळदुर्गच्या बोरी नदीवरचा पूल उडवायचं ठरलं होतं.

१३ सप्टेंबरला पहाटे भारतीय ब्रिगेड इतक्या झपाट्याने आली की पूल शाबूत हाती लागला. पूल उडवण्याचं काम दिलेला एक भाडोत्री इंग्रज पकडला गेला. किल्ल्याजवळच्या १ल्या हैदराबाद इन्फंट्रीच्या ठाण्यांवर २ शीख पलटणीने हल्ला केला. सकाळी नऊला चिलखती दल जळकोटला, दुपारी सव्वातीनला उमरग्यात. तुळजापूरला सुमारे दोनशे रझाकार आणि एक लष्करी तुकडी दोन तास लढली. लोहाऱ्याकडे जाणारा भारतीय गट मात्र नदीला पूर आल्याने अडला. पुराने जे केलं ते योजनेप्रमाणे सगळीकडे झालं असतं, तर लढाई निदान लांबली असती.

दुसऱ्या दिवशी उमरगा ते राजेश्वर. वाटेत दबा धरून बसलेल्या तुकड्यांवर टेम्पेस्ट विमानांनी हल्ले केले. विमानविरोधी ताकद नसलेल्या सैन्याला त्यावर उत्तर नव्हतं. १६ तारखेला जहीराबादच्या वाटेवर सुरुंग पेरलेले होते. ते काढण्यात वेळ गेला. बिदर फाट्यावर गोळीबार झाला. गावांच्या आडोशाने रझाकारांनी थोडाफार प्रतिकार केला, पण भारतीय तुकड्यांनी ७५ मिलिमीटरच्या तोफा आणल्यावर तो संपला. १७ला पहाटे भारतीय फौज बिदरमध्ये होती. १८ सप्टेंबरला इद्रूसने चौधरींपुढे शरणागती पत्करली.

बाहेरच्या जगात याच अडचणीला दुसरी उत्तरंही सापडली. आफ्रिकेतला बोट्स्वाना १९६६मध्ये स्वतंत्र झाला, तोही समुद्र नसलेला आणि तेव्हा अगदी गरीब. त्याने अकरा वर्षं सैन्यच ठेवलं नाही. पोलिसांच्या फिरत्या तुकडीवर काम भागवलं. ऱ्होडेशियाच्या सीमेवरून घुसखोरी वाढली, तेव्हा १९७७मध्ये त्याच पोलीस तुकडीतून लहानसं सैन्य उभं केलं, एका कमांडखाली. लढाऊ विमानं घ्यायची वेळ १९९६मध्ये आली, तेव्हा कॅनडाची वापरलेली घेतली. कोस्टारिकाने तर हैदराबाद पडलं त्याच वर्षी, डिसेंबर १९४८मध्ये, सैन्यच बरखास्त केलं. अर्थात बोट्स्वानाच्या डोक्यावर रझवी बसला नव्हता, आणि त्याला कोणत्या शेजाऱ्यात विलीन व्हायचा प्रश्नही नव्हता. जनतेतल्या मोठ्या वर्गाला जे राज्यच नको होतं, त्याचं सैन्य कितीही नीट लावलं असतं तरी किती टिकलं असतं, हा प्रश्न उरतोच. आपल्या सीमेवरच्या कॅम्पांतून स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते त्याच राज्याविरुद्ध लढत होते.

नंतर

निजामाचं सैन्य निःशस्त्र करून मोडीत काढलं गेलं. जनरल चौधरी लष्करी गव्हर्नर झाले. रझवी तुरुंगात गेला, १९५७मध्ये सुटल्यावर पाकिस्तानला गेला आणि १९७०मध्ये कराचीत वारला. बिदरचं विमानतळ आज हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे आणि सूर्यकिरण पथकाचा तळही तिथेच.

शरणागतीनंतरचे आठवडे मात्र या लष्करी हिशेबात कुठेच बसत नाहीत. फौज गेली, पोलीस गायब, रझाकार पळाले, आणि सामान्य मुसलमानांच्या संरक्षणाला कोणीच उरलं नाही. रझाकारांचा सूड ज्यांच्यावर निघाला त्यातल्या बहुतेकांनी कधी बंदूक हातात धरली नव्हती. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने १९४८च्या अखेरीस जिल्ह्याजिल्ह्यांत फिरून चौकशी केली आणि २७ ते ४० हजार माणसं मारली गेल्याचा अंदाज दिला. सगळ्यात जास्त झळ बसलेले चार जिल्हे तिने नमूद केले: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. आज ते दोन राज्यांत वाटले गेलेत आणि १७ सप्टेंबर दोन्हीकडे साजरा होतो, महाराष्ट्रात मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून आणि इकडे कल्याण कर्नाटक उत्सव दिन म्हणून. सुंदरलाल समितीचा अहवाल कित्येक दशकं बाहेर आला नाही. २०१३च्या सुमारास तो दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात लोकांना पाहायला मिळू लागला.